चौथी अजून यायची होती

मी ज्या पोरींना पळायला शिकवतो, त्यांच्या कॉलेजात मी नोकरीला नाही. कॉलेज नांदेडच्या कडेला, अर्धापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दोन मजली इमारत, मागं मैदान, आणि पावसाळ्यात त्या मैदानाचा निम्मा चिखल. मी चौथीत शाळा सोडली आणि पुढं रेल्वेत चाबीवाला म्हणून जन्म काढला. चाबीवाल्यानं रोज रुळावरून लांबपर्यंत चालत जायचं आणि रूळ धरून ठेवणारी चावी ढिली दिसली की हातोड्यानं ठोकून बसवायची. रेल्वेच्या खेळांत मी लांब पल्ल्याचं पळायचो. मेडलं भिंतीला आहेत, ज्याला बघायची त्यानं यावं. रिटायर झाल्यावर कॉलेजचे खेळाचे सर घरी आले आणि म्हणाले, "आबा, मला व्हॉलीबॉल येतो, पळण्यातलं कळत न्हाई. तुम्ही पोरं बघा." मानधनाचा आकडा सांगितला तर तो इतका बारका होता की मी म्हणालो, त्यापेक्षा देऊच नका, मग मला कुणी काही बोलायचं कारण उरणार नाही.

क्रॉस कंट्री ही मैदानावरची शर्यत नव्हे. माळ, मुरूम, चढ, ओढा, जे असेल त्यावरून दहा किलोमीटर पळायचं. कॉलेजाच्या सहा पोरी उतरवता येतात. त्यांतल्या पहिल्या चौघींचे नंबर मिळवून टीमचा नंबर काढतात. तिघीच पोचल्या तर टीम म्हणून तुमचं नाव कुठंच लागत नाही, मग त्या तिघी कितीही पुढं येऊ द्या.

दोन-तीन वर्षांमागं आमच्याकडं चारच राहिल्या. एकीचं लग्न झालं, एक पोलीस भरतीच्या अकॅडमीत गेली. मी वर्गावर्गातून फिरलो, पण दहा किलोमीटर म्हटलं की पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. प्राचार्यांनी मला आणि सरांना केबिनमध्ये बोलावलं.

"आबा, पळण्यावर दरसाल खर्च होतो. बूट, टी-शर्ट, गाडीभाडं. आणि टीम तर लागत न्हाई. यंदा टीम पुरी झाली न्हाई तर पुढच्या सालापासून हे बंद. तो पैसा कबड्डीच्या मॅटला जाईल."

"पोरींच्या फीचं काय?" मी विचारलं.

"खेळच न्हाई तर खेळाची सवलत कुठून?"

टीममध्ये असलेल्या पोरींची फी कॉलेज खेळाच्या खात्यातून भरायचं. तिघींच्या घरी त्यानं फरक पडणार नव्हता. चौथीच्या घरी पडणार होता. तिचा बाप अर्धापूरला केळीच्या गाड्या भरायचा. त्यानं मला तोंडावर सांगितलं होतं की फी भरायची वेळ आली तर पोरगी घरी बसणार. राग नव्हता त्याच्या बोलण्यात. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

आणि चौघींत सगळ्यांत हळू तीच होती. तिचा दम चांगला, पाय चांगले, पण पुढच्याला गाठायची तिला घाई नाही. मी किती ओरडलो तरी आपल्या चालीनं येणार. "आबा, मी पोचते की," एवढंच म्हणायची. पोचायची, हे खरं आहे.

त्या साली शर्यत लातूरच्या बाहेर एका कॉलेजानं घेतली. माझी रीत अशी की आदल्या दिवशी उजेडात सगळी वाट पोरींना घेऊन चालायची. कुठं खडक, कुठं वळण, कुठं कुत्री, सगळं दाखवायचं. त्या वेळी ऑफिसनं एकाच दिवसाचा खर्च मंजूर केला. म्हणून आदल्या दिवशी दुपारचीच एसटी धरून निघालो, वाटेत गाडीला उशीर झाला, आणि लातुरात उतरलो तेव्हा अंधार पडला होता. वाट न बघता पोरी शर्यतीत उतरवायची माझी ती पहिली वेळ. मी सरांवर चिडलो. सर म्हणाले, "मी काय करू आबा, सही माझी न्हाई चालत." मनात मात्र एक खडा बसला तो बसलाच.

सकाळी सगळ्या तयार झाल्या. चौथी येऊन उभी राहिली ती अनवाणी.

"बूट कुठंयत?"

"पिशवीत."

"कामून?"

"आज घट बसतात आबा. नऊ दिस चप्पल न्हाई, बूट न्हाई."

"अन् पोटात काय घातलंस?"

"घरी घट बसल्याबिगर पाणी पण न्हाई."

"तुज्या आईला लाव फोन. मी बोलतो."

"आईनं न्हाई सांगितलं. मीच बोलले हाय देवीला."

"काय बोललीस?"

ती पिशवीची चेन लावायला लागली. आमची पहिली पळणारी पोरगी, टीमची कॅप्टन, तोंडाळ, ती म्हणाली, "टीम लागू दे म्हणून बोलली असंल, दुसरं काय. आता टीम लागायची तर बूट घालावं लागतात, हे देवीला कुणी सांगावं?" बाकीच्या दोघी हसल्या. चौथीपण हसली. मी नाही हसलो. ते बूट मंजूर करून घ्यायला मी ऑफिसच्या बाकड्यावर किती दिवस बसलो होतो ते मलाच माहीत. पण घट बसायच्या दिवशी पोरीला नेम मोड म्हणायला माझी जीभ रेटली नाही. माझी आई पण नऊ दिवस अनवाणी राहायची. पाण्याचं मात्र मी दोनदा म्हणालो, दोनदा तिनं मान हलवली.

आधी पोरांची शर्यत सुटली. तेवढ्या वेळात मी शेवटाकडून उलटा चालत गेलो, निदान जमंल तेवढी वाट बघावी म्हणून. मुरमाची पायवाट होती. थोडं पुढं गेलो आणि पाय थांबले. वाटेला लागून जुनी खदान होती, पाण्यानं भरलेली. कठडा नाही, दोरी नाही. गवत इतकं माजलं होतं की वाट कुठं संपते आणि काठ कुठं लागतो ते जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं. पाणी हिरवं, हलत नव्हतं. मी एक खडा टाकला आणि लगेच वाटलं, कशाला टाकला.

पळत माघारी आलो. पोरी रेषेवर उभ्या होत्या. मी बाहेरून ओरडलो, "शेवटाकडं उजव्या अंगाला खदान हाय. डाव्या बाजूनं या." कॅप्टननं हात वर केला. चौथीनं ऐकलं की नाही ते कळलं नाही, कारण तेवढ्यात शिट्टी वाजली.

शर्यत सुटल्यावर मास्तराला काही काम नसतं. मी झाडाखाली बसलो, उठलो, परत बसलो. ऊन चढायला लागलं. सर म्हणाले, "आबा, चहा घ्या." मी घेतला नाही. तिच्या पोटात काही नसताना माझ्या घशाखाली चहा उतरला नसता.

आमची कॅप्टन चौथ्या नंबरानं आली. मग बऱ्याच वेळानं दुसरी आली, तिच्या मागोमाग तिसरी. तिघी आल्या तसे सर खूश झाले, बोटांवर नंबर मोजायला लागले. मी वाटेकडं बघत होतो. दुसऱ्या कॉलेजांच्या पोरी येत राहिल्या. कुणी लंगडत, कुणी रडत. मग येणं विरळ झालं. मग एक जाड अंगाची पोरगी चालतच आली. ती शेवटची असावी असं नंबर लिहून घेणाऱ्या टेबलावरच्या माणसांच्या बसण्यावरून वाटलं. ते कागद गोळा करायला लागले.

मी त्या पोरीला गाठलं. "माय, एक अनवाणी पोरगी, पिवळा टी-शर्ट, तुज्या मागं हाय का?"

"मागं? मागं कुणीच न्हाई काका. ती माझ्या लई पुढं होती. फाट्यापर्यंत दिसली, मग न्हाई दिसली."

पुढं होती आणि पोचली नाही. म्हणजे मधेच कुठंतरी राहिली. माझ्या डोळ्यांपुढं ते हिरवं पाणी आलं.  रुळावर काम करताना मी काय काय उचललेलं आहे ते इथं लिहीत नाही. पण तेव्हा ती माणसं माझ्या ओळखीची नसायची.

खदानीपर्यंत मी पळालो. या वयात पळालो. काठाकाठानं बघितलं. गवत कुठं दबलंय का, माती कुठं घसरलीय का. एका जागी गवत मोडलं होतं. मी गुडघ्यावर बसून वाकून बघत राहिलो. पाण्यावर काही नव्हतं, पण पाण्यावर काही नसणं म्हणजे काय, त्यानं जीव थोडाच भांड्यात पडतो. तिकडून म्हशी घेऊन एक बाई आली. तिला विचारलं. ती म्हणाली, "तिथं माझी म्हैस उतरली होती सकाळी. पोरगी न्हाई बगितली." तिचे मी पाय धरायचे बाकी ठेवले.

तेवढ्यात सर कुणाची तरी मोटारसायकल घेऊन आले. मी मागं बसलो आणि आम्ही उलट्या वाटेनं फाट्यावर गेलो. तिथं डांबरी रस्ता सरळ पुढं गावाकडं जातो आणि मुरमाची वाट डावीकडं वळते. शर्यतीची वाट डावीकडची. वळणावर यजमान कॉलेजातला एक शिपाई लाल झेंडी घेऊन खुर्चीवर बसला होता. फाट्यावरच्या दहा-बारा घरांपुढं रस्ता ओला होता. हळद, कुंकू, फुलं पडली होती.

"अनवाणी पोरगी गेली का इकडनं?" सरांनी विचारलं.

"गेली की. ज्योतवाल्यांची. सरळ गेली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. घट बसायच्या दिवशी गावोगावची मंडळं तुळजापुराहून ज्योत पेटवून आपल्या गावाला पळत नेतात. सगळे अनवाणी, सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे, मागं टेम्पो. रस्त्यावरच्या बाया त्यांच्या पायांवर पाणी ओततात. आमच्या पोरी यायच्या थोडं आधी असंच एक मंडळ फाट्यावरून गेलं होतं. बायांनी घागरी ओतल्या आणि रस्त्यावर वळणाचा जो बाण फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीनं, काढलेला होता तो धुऊन गेला. त्यानंतर गटागटानं आलेल्या पोरी एकमेकींच्या मागं बरोबर वळल्या. आमची चौथी आली ती एकटी, आपल्या चालीनं. पुढं बघते तर सरळ रस्त्यावर त्या मंडळातली मागं राहिलेली माणसं पिवळ्या टी-शर्टात पळताना दिसायलीत. शर्यतीतलेच समजून ती त्यांच्या मागं गेली.

"तिच्या छातीवर नंबर होता, तो दिसला न्हाई तुला?" मी म्हणालो.

"बायांनी तिच्या पण पायावर पाणी घातलं, मळवट भरला. नंबराचा कागद भिजून लोंबत होता. मला वाटलं मंडळाचं काही असंल."

"ज्योतवाल्यांत पोरी असतात का?"

"आता असतात आबा. जमाना बदलला."

त्याच्याशी बोलत बसायला वेळ नव्हता. डांबरी रस्त्यानं आम्ही निघालो. मी सरांच्या खांद्यावरून पुढं बघत होतो. समोरून टिप्पर यायचे, उसाचे रिकामे ट्रॅक्टर यायचे, आणि दर टिप्पर गेला की मी रस्त्याच्या कडेला काही पडलंय का ते बघायचो. पिवळं काही दिसलं की सरांना गाडी थांबवायला लावायचो. एकदा केळीचं पान निघालं, एकदा खताची पिशवी.

बरंच पुढं गेल्यावर ती दिसली. आमच्याकडंच येत होती, रस्त्याच्या कडेनं, पळत. पळणं कसलं, पाय ओढत होती. कपाळभर कुंकू घामानं ओघळून नाकावर आलेलं. लांबून मला ते रक्तच वाटलं.

"आबा, टेबल उठलं का?" तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

"तू कुठवर गेलीस?"

"लई पुढं. टेम्पोतल्या दादानं विचारलं, तू कोणत्या मंडळाची. तवा कळलं. ते म्हणले टेम्पोत बस, सोडतो फाट्याला. मी न्हाई बसले. बसलं की बाद करतात."

हे मीच तिला शिकवलेलं. वाट चुकली तर जिथं चुकली तिथवर आपल्या पायानं माघारी यायचं आणि तिथून पुढं पळायचं. कुणाची गाडी घ्यायची नाही, कुणाचा हात धरायचा नाही.

सर गाडीवरून उतरले. "बस माय गाडीवर. तुजी हालत बघ."

ती माझ्याकडं बघत होती. ओठ पांढरे पडले होते. पायांकडं मी बघितलं आणि लगेच वर बघितलं. गाडीवर बसवली तर ती जिवंत पोचते आणि उद्यापासून घरी बसते. नाही बसवली तर तो सगळा मुरूम, ते ऊन, ती खदान, आणि पोटात पाण्याचा थेंब नाही. मला तिच्या बापाचं तोंड दिसायला लागलं. काय सांगायचं त्याला, कोणत्या तोंडानं.

"बस," मी म्हणालो.

"न्हाई."

"मी सांगायलो न् तुला."

"आबा, मी पोचते की," ती म्हणाली आणि आम्हाला ओलांडून पुढं निघाली.

मी आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नाही, आणि माझ्यासारखंच न ऐकणारं माणूस समोर आलं तर काय करायचं ते मला माहीत नव्हतं. सरांना म्हणालो, "तुम्ही टेबलाकडं पळा. ती माणसं उठली तर सगळं फुकट. मला खदानीपाशी उतरवा."

"आणि हिच्या मागं कोण?"

"गाडी मागं ठेवली तर मदत केली म्हणून बाद. कुणी न्हाई."

खदानीच्या काठावर, वाट आणि पाणी यांच्या मधे मी उभा राहिलो. सर गेले. नंतर नुसतं गवत हलायचं. टिटवी ओरडायची. इथून पुढचं मी नीट सांगू शकत नाही, कारण किती वेळ गेला ते मला कळलं नाही. मी नुसता वळणाकडं बघत होतो. मनात यायचं, पडली असंल. मनात यायचं, उठून जाऊन बघावं. आणि जावं तर ती दुसऱ्या अंगानं येऊन इथं घसरली तर. त्यामुळं जागचं हलता येईना. 

ती आली. चार पावलं पळायची, चार चालायची. मी उभा होतो म्हणून ती आपोआप डावीकडनं गेली. डोळे उघडे होते पण मला बघत नव्हते. मी पाण्याची बाटली पुढं केली नाही. केली असती तर तिनं घेतली नसती, आणि घेतली असती तर बाद झाली असती. मी तिच्या मागं लांबून चालत राहिलो. तिच्या पायांचे ठसे मुरमावर उमटत होते, ओले. ते कशानं ओले आहेत ते मी बघत बघत चाललो.

शेवटाला मंडपवाले खुर्च्या उचलून टेम्पोत टाकत होते. एक खुर्ची राहिली होती. तिच्यावर आमचे सर बसले होते, टेबल दोन्ही हातांनी धरून. मुख्य पंच त्यांच्या डोक्यावर उभे.

"अहो सर, किती वेळ? जेवणं व्हायचीत."

"सुटलेली पोरगी आल्याबिगर शर्यत बंद होत न्हाई साहेब. तुम्हीच सकाळी सांगितलं माईकवर."

आमचे सर प्राचार्यापुढं मान वर करत नाहीत. त्या दिवशी ते खुर्चीवरून उठले नाहीत.

ती रेषेतून आत आली आणि दोन पावलं पुढं जाऊन बसली, मग आडवी झाली. पंचांनी छातीवरच्या लोंबत्या कागदावरचा नंबर वाकून वाचला आणि लिहून घेतला. मी तिच्याजवळ गेलो. हाक मारली तर बोलेना. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. कॅप्टननं मला बाजूला सारलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"ए, पाणी पी."

"घरी... घट..."

कॅप्टननं तिच्याच पिशवीतून फोन काढून घरी लावला आणि स्पीकरवर टाकला. "काकू, घट बसले का?"

"कवाच बसले की. कामून? शर्यत झाली का? कुठाय माझी पोरगी?"

कॅप्टननं बाटली पोरीच्या ओठांना लावली. फोन तिनं माझ्याकडं दिला. मी तो सरांच्या हातात दिला. सर म्हणाले, "पाणी प्यायली ताई. आत्ताच प्यायली."

टीम पुरी झाली. सगळ्या टीमांत खालून पहिली, पण कागदावर नाव लागलं. प्राचार्यांनी नोटीस बोर्डावर अभिनंदन लावलं आणि पळणं चालू राहिलं. पोरीच्या पायांना पट्ट्या बांधून मी स्वतः तिला घरी सोडलं. तिच्या बापानं मला चहा दिला, पायांकडं बघितलं, आणि एवढंच म्हणाला, "लई लांब पळवलं व्हय?" मी हो म्हणालो. ती यंदा शेवटच्या वर्षाला आहे.

यंदा सहा पोरी आहेत. ऑफिसनं परत एकाच दिवसाचं भाडं मंजूर केलं. मी सरांना सांगितलं, तुम्ही पोरींना घेऊन या, मी आदल्या दिवशी माझ्या रेल्वेच्या पासवर एकटा जातो. सर म्हणाले, एकट्यानं कशाला, वय बघा.  गेलो, उजेडात सगळी वाट चाललो, दर वळणाला थांबलो. खदान नव्हती, विहीर नव्हती, साधी सपाट वाट होती. तरी घरी फोन करून मंडळीला सांगितलं की मला आज जेवण जाणार नाही. उद्या सगळ्या आल्यावर खाईन.